लाईट गेली की काय खेळायचं? लहान मुलांसाठी तोंडी शब्दखेळ

आमच्याकडे जूनमध्ये पहिला मोठा पाऊस आला की लाईट जाते आणि कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. घरात त्या वेळी अडीच वर्षांपासून आठ वर्षांपर्यंतची चारपाच नातवंडं असतात. मोबाईलची बॅटरी संपत आलेली, बाहेर खळ्यात, म्हणजे अंगणात, गुडघाभर चिखल. अशा संध्याकाळी पडवीत चटई टाकून बसले की शब्दखेळ सुरू होतात. मी देवगड तालुक्यात बरीच वर्षं बालवाडी चालवली, पण खरं सांगायचं तर यातले निम्मे खेळ मला पडवीतच सापडले.

साहित्य काहीच लागत नाही. पाटी नको, कार्डं नकोत, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता तर मुळीच नको. तक्ता का नको ते पुढे टाळ्यांच्या खेळात कळेल.

आधी मोठ्या माणसांसाठी तीन गोष्टी. पहिली, विचारल्यावर थांबा. मनात दहापर्यंत मोजा. आपल्याला ती शांतता खटकते आणि आपणच उत्तर देऊन मोकळे होतो, मूल मात्र तोवर शब्द शोधत असतं. दुसरी, ‘चुकलं’ म्हणू नका. तीन वर्षांचा नातू ‘लत्नागिली’ म्हणाला तर ‘हो, रत्नागिरी! आणि तिथून पुढे?’ एवढंच म्हणायचं. बरोबर उच्चार त्याच्या कानावर पडला, खेळही अडला नाही. र नीट वळायला पाच-सहा वर्षं लागणारी मुलं पुष्कळ असतात. तिसरी, दोनचार फेऱ्यांनी डाव मुलाच्या हातात द्या. विचारणारा तो, उत्तर देणारे आपण. मूल प्रश्न विचारायला लागलं की खेळ त्याला समजला असं मी धरते. उत्तरं काय, ऐकून ऐकूनही देता येतात.

पाऊस कुठे कसा वाजतो (दोन-अडीच वर्षांपासून)

सर्वांत लहान मुलांपासून सुरुवात करू. त्यांना नावं आठवत नसतात, आवाज मात्र काढता येतात. मराठीत आवाजाचे शब्द पोत्याने भरलेत.

विचारायचं, ‘पत्र्यावर पाऊस कसा वाजतो?’ उत्तर ‘तडतड’. कौलांवर? पागोळ्या कशा पडतात? टपटप. पन्हळीतून पाणी कसं जातं? खळखळ. गळतीखाली ठेवलेल्या टोपात? इथे आमचा धाकटा ‘टिंग’ म्हणाला आणि थोड्या वेळाने टोप भरत आल्यावर स्वतःच म्हणाला, ‘आता टुबुक.’ हा शब्द त्याला कुणी दिलेला नव्हता. असा शब्द आला की तो घरात वापरायला घ्या. आमच्याकडे आता टोप भरला की ‘टुबुक झालं’ असंच म्हणतात.

पुढची पायरी उलटी. तुम्ही आवाज द्या, मुलाने वस्तू सांगायची. किर्र – रातकिडा. डराव – बेडूक. सळसळ – माडाची झावळं. चर्र – तव्यावरचा बांगडा. त्यानंतरची पायरी मुद्दाम चुकण्याची: ‘बेडूक म्हणाला भू भू’. अडीच वर्षांचं मूल यावर इतकं हसतं की तेच दहा वेळा करावं लागतं. करा. आपल्याला कंटाळा येतो, त्यांना येत नाही.

समुद्र जवळ असेल तर रात्री एकदा सगळ्यांना गप्प बसवून गाज ऐकवा आणि विचारा, हा आवाज तोंडाने कसा काढायचा? मला अजून जमलेला नाही.

चहाबिहा (तीन वर्षांपासून)

आपण दिवसभर चहाबिहा, जेवणबिवण, पाणीबिणी म्हणतो आणि त्यात काही विशेष आहे असं आपल्या मनातही येत नाही. खरं तर शब्दाचा पहिला आवाज उचलून त्या जागी दुसरा बसवायचा, हे काम मोठं आहे. पुढे वाचताना मुलाला हेच करावं लागतं.

पहिल्या दिवशी फक्त तुम्ही जोड्या लावा आणि मुलाला ऐकू द्या. दुसऱ्या दिवशी अर्धा शब्द तुमचा, अर्धा त्याचा: ‘आंबा…’ ‘बिंबा!’ फणसबिणस, होडीबिडी, कोकमबिकम, पेजबीज. डोळ्यासमोरच्या वस्तूंपासून सुरुवात करा, मग माणसांवर या. काकाबिका, मामीबिमी. घरातल्या मोठ्या माणसांना चिडवायची ही सनदशीर सोय असल्यामुळे मुलं ती सोडत नाहीत.

थोड्या दिवसांनी सापळा लावा. ‘बिस्कीट’ द्या. बिस्कीटबिस्कीट? मूल थबकतं. आमची पाच वर्षांची नात बराच वेळ पुटपुटत राहिली आणि शेवटी म्हणाली, ‘बिस्कीटफिस्कीट.’ कुणी सांगितलेलं नसताना तिने नियम मोडला आणि बरोबर जागी मोडला.

टाळ्या किती? (साडेतीन-चार वर्षांपासून)

शब्द तुकड्यांत म्हणायचा आणि प्रत्येक तुकड्याला टाळी वाजवायची. मोठी माणसं सर्वांत जास्त घोळ याच खेळात घालतात, म्हणून इथे जरा थांबते.

‘फणस’ला टाळ्या किती? तुम्ही बहुधा तीन म्हणाल. फ, ण, स. आता तोंडाने सावकाश बोलून बघा: फ-णस. दोन. शेवटच्या सला आपण पूर्ण स्वर देतच नाही. मालवण लिहायला चार अक्षरं, बोलायला माल-वण, टाळ्या दोन. देवगडचंही तसंच, देव-गड. कणकवली लिहायला पाच अक्षरं, बोलताना कण-कव-ली, टाळ्या तीन. वाचता न येणारं चार वर्षांचं मूल कानाने ऐकतं आणि तीन टाळ्या वाजवतं. आपण मनातल्या पाटीवर अक्षरं मोजतो आणि त्याला सांगतो, ‘अरे, अजून दोन राहिल्या.’ तक्ता नको म्हटलं ते याच कारणाने. मुलाचा कान बरोबर असतो आणि आपण त्याला चुकीचं शिकवून बसतो.

क्रम असा ठेवा. आधी मुलाचं स्वतःचं नाव. मग घरातल्यांची नावं. मग एका टाळीचे शब्द आणि तीन टाळ्यांचे शब्द एकमेकांसमोर ठेवा: माड आणि कोळंबी. फरक ढळढळीत असला की खेळ पटकन समजतो. दोन टाळ्यांचे नंतर आणा: होडी, आंबा, नारळ, बांगडा. चार टाळ्यांचे सर्वांत शेवटी: रत्-ना-गि-री, सा-वंत-वा-डी. टाळ्यांचा कंटाळा आला तर पायऱ्या घ्या. आमच्या पडवीला खळ्यात उतरायला पाच पायऱ्या आहेत. शब्दाच्या प्रत्येक तुकड्याला एक पायरी खाली. ‘मासा’ म्हटलं तर दोनच पायऱ्या, ‘सावंतवाडी’ म्हटलं तर जवळजवळ खळ्यात. मग कोणता शब्द सांगितला तर थेट खाली पोचता येईल, याचा शोध मुलं स्वतःच घेतात. मागच्या मे महिन्यात ‘गणपतीपुळे’ने एकजण पोचला. ग-ण-प-ती-पु-ळे की गण-प-ती-पु-ळे, यावर भांडण झालं. घाईत बोललं तर पाच होतात, सावकाश बोललं तर सहा. मी दोन्ही मान्य केले.

एका आवाजाचे सोबती (साडेचार-पाच वर्षांपासून)

‘म’ने सुरू होणारे शब्द सांगा, असं आपण म्हणतो. त्याऐवजी म्हणा, ‘मासा, माड, मीठ… यांच्या पंगतीत आणखी कोण बसेल?’ अक्षराचं नाव घेऊ नका, आवाज ऐकवा. म, स, न, ल हे आवाज लांबवता येतात (मऽऽमासा), म्हणून आधी ते घ्या. क, ट, प लांबवता येत नाहीत, ते नंतर.

एकदा मी पंगत मांडली: चमचा, चूल, चटई… ‘आणि चंद्र,’ मोठी नात म्हणाली. ती आठ वर्षांची, शाळेत जाणारी. धाकटी पाच वर्षांची नात म्हणाली, ‘चंद्र इथे नाही बसणार.’ मोठी तिला समजावायला लागली, अगं दोन्हीकडे च आहे. धाकटी ऐकेना. मी दोन्ही शब्द तोंडात घोळवून पाहिले आणि पोरगी बरोबर निघाली. चमच्याचा च दातांजवळचा, चंद्राचा च टाळूचा. मराठीत लिहायला एकच च, बोलायला दोन. ज आणि झचीही तीच गत: जाळ्यातला ज वेगळा आणि जिभेतला वेगळा. शाळेत जायला लागल्यावर अक्षर डोळ्यात बसतं आणि हा फरक ऐकू येईनासा होतो. तेव्हा मुलाने ‘हे सारखं नाही’ असं म्हटलं की लगेच खोडू नका, आधी स्वतः मोठ्याने म्हणून बघा. आमच्याकडे तेव्हापासून चमच्याची एक पंगत आणि चंद्राची दुसरी. चंद्राच्या पंगतीत चिमणी, चिंच, चिकू आणि चहा.

बांगडा पोहे, फणस पोहे

चिमणी उड, कावळा उड सगळ्यांना येतं. चटईवर बोट टेकवायचं, उडणाऱ्याचं नाव आलं की उचलायचं, ‘म्हैस उड’ला उचललं तर बाद. किनाऱ्यावरच्या मुलांसाठी ‘उड’च्या जागी ‘पोहे’ (म्हणजे पोहतो) म्हणा: बांगडा पोहे, सुरमई पोहे, कासव पोहे, पोफळ पोहे. बाद करण्यापेक्षा जो चुकला त्यालाच पुढचा सांगणारा करा, म्हणजे लहान मुलं रडत नाहीत. ‘सुका बांगडा पोहे’ हा डाव एकदाच टाका. त्यावर अर्धा तास वाद चालतो.

तो, ती की ते (चार वर्षांपासून)

एकाने वस्तू सांगायची, बाकीच्यांनी ओरडायचं: तो, ती की ते. माड – तो. होडी – ती. गलबत – ते. समुद्र, लाट, पाणी. बांगडा, सुरमई, पापलेट. तिन्ही आलटून पालटून येतील असं बघा.

हे बसलं की मोठा-मोठी-मोठं लावायला सांगा. मोठा मचवा, मोठी लाट, मोठं कासव. त्यानंतर अनेकवचन, आणि इथे खरी गंमत आहे. फणस कितीही आले तरी फणसच, पण आतला गरा एक आणि गरे अनेक, आठळी एक आणि आठळ्या अनेक. केळ म्हणजे झाड, तर ती केळ. केळं म्हणजे फळ, तर ते केळं. आणि फळं पुष्कळ झाली की ती केळी. हे सगळं समजावून सांगायला गेलात तर तुम्हीच गोंधळाल. नुसतं खेळत राहिलात तर मुलं आपोआप बरोबर बोलतात.

मुंबईत वाढलेल्या नातवंडांचा इथे कस लागतो, कारण त्यांच्या बोलण्यात इंग्रजी शब्द जास्त. चार्जर तो, बस ती, हे ठीक. ‘पेन’ला आमच्या घरातच दोन तट आहेत. माझ्या तोंडात ते पेन, जावयांच्या तोंडात तो पेन. असा शब्द आला की मतदान घ्या.

माटवीला बांधलं (पाच वर्षांपासून, पण लहानांनाही घ्या)

तळकोकणात गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. लाकडाची चौकट, आणि तिला रानातली आणि परसातली फळंफुलं टांगलेली. हा खेळ चतुर्थीच्या आदल्या दिवशी, घरात खरी माटवी बांधायचं काम चालू असताना सर्वांत चांगला रंगतो. तोंडी असल्यामुळे बारा महिने चालतो.

पहिला म्हणतो, ‘माटवीला बांधला नारळ.’ दुसरा, ‘माटवीला बांधला नारळ, बांधली काकडी.’ तिसरा, ‘बांधला नारळ, बांधली काकडी, बांधलं कवंडळ.’ प्रत्येकाने मागचं सगळं क्रमाने म्हणायचं आणि स्वतःचं एक जोडायचं. बांधला, बांधली, बांधलं बदलत राहतं, म्हणजे ‘तो, ती की ते’ची उजळणी न सांगता होते.

चालवायचं कसं? गोल बसा. सर्वांत लहान मुलाला सुरुवातीला बसवा, म्हणजे त्याला एकच वस्तू सांगावी लागते. दुसऱ्या फेरीत त्याची पाळी आली की सगळ्यांनी मिळून म्हणा. वस्तू सांगताना हाताने खूण करा: नारळाला दोन्ही ओंजळी गोल, सुपारीच्या घडाला बोटं खाली लोंबती, आंब्याच्या टाळ्याला (डहाळीला) पंजा हलता. शब्द विसरला तरी हात आठवतो. एखादा अडला तर बाकीच्यांनी नाव नाही सांगायचं, खूण दाखवायची. या एका नियमामुळे खेळ बदलतो, कारण मग सगळेजण अडलेल्याच्या बाजूचे होतात.

चार-पाच वर्षांच्या मुलांना पाचसहा वस्तूंपर्यंत झेपतं. सात-आठ वर्षांची बारापर्यंत नेतात. आमचा आठ वर्षांचा नातू चौदापर्यंत गेला आणि मी दहावर चिबूड विसरले. आजीने विसरणं मुलांना फार आवडतं, त्यासाठी मुद्दाम विसरायची मला आता गरज पडत नाही.

माटवीची पद्धत तुमच्याकडे नसेल तर मुंबईहून आलेल्या मामाची पिशवी घ्या: ‘मामाच्या पिशवीतून निघाला टॉवेल, निघाली चकली…’

कोडी घालायची कशी

कोडी पाठ करून घेऊ नका. पाठ केलेलं कोडं एकदाच चालतं. मुलांना कोडं बनवायला शिकवा. गोव्याच्या बाजूला कोड्याला हुमाण म्हणतात, मुलांना तो शब्द मजेशीर वाटतो.

सुरुवात हातात धरता येईल अशा वस्तूने करा. तीन प्रश्न विचारा: दिसतं कसं? करतं काय? सापडतं कुठे? तिन्ही उत्तरं सलग म्हटली आणि नाव गाळलं की कोडं तयार. ‘बाहेरून काटे, आत पिवळं, हाताला चिकट.’ फणस. चार वर्षांची मुलं इथे हमखास एक गोष्ट करतात: ‘फणस कसा असतो, ओळखा!’ म्हणजे उत्तर आधीच देऊन टाकतात. हसून घ्या आणि पुढे चला. नाव लपवायचं असतं, हे कळायला दोनचार संध्याकाळी जातात.

मग ‘पण’ शिकवा. चांगल्या कोड्याचं मर्म ‘पण’मध्ये असतं. डोळे तीन, पण दिसत नाही एकानेही – नारळ. पाय एक, डोक्यावर केस, पण कंगवा नको – माड. पाच वर्षांच्या नातवाला मी खेकडा दिला. तो खळ्यात जाऊन कुंपणाजवळच्या खेकड्याकडे बराच वेळ बघून आला आणि म्हणाला, ‘चालतो, पण पुढे जातच नाही.’ इतकं नेमकं कोडं मी बालवाडीच्या सगळ्या वर्षांत ऐकलं नव्हतं.

गावांच्या भेंड्या आणि गाडीतला बोगदा (सहा-सात वर्षांपासून)

एकाने गाव सांगायचं, शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्याने. काना-मात्रा सोडून द्यायची, नुसतं अक्षर धरायचं: ‘लांजा’वरून ज, ‘रत्नागिरी’वरून र.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी ठरवून घ्या, नाहीतर पाचव्या मिनिटाला भांडण. कोकणातली गावं ण आणि ळवर फार संपतात: मालवण, चिपळूण, पेण, उरण, कुडाळ. आणि ण किंवा ळने सुरू होणारा शब्द मराठीत नाही. अक्षरांच्या तक्त्यातसुद्धा ण बाणाचा आणि ळ बाळाचा असतो, तो याचमुळे. तेव्हा आधीच जाहीर करा: णला न चालेल, ळला ल चालेल. मग मालवणवरून नांदगाव किंवा निवती, कुडाळवरून लांजा किंवा लोटे.

दुसरी अडचण रची. गुहागर, राजापूर, रत्नागिरी, वेळणेश्वर, हरिहरेश्वर, मार्लेश्वर, सगळी रवर येऊन थांबतात. रवरून रोहा, रेवदंडा, रेवस, रेडी, रायगड ही आपल्याकडची शिल्लक, ती मुलांना आधी एकदा ऐकवून ठेवा. उलट देवगड, जयगड, रायगड म्हणजे ब्रह्मास्त्र, कारण ड. डहाणू एकदा वापरून झालं की समोरचा डोकं खाजवत बसतो. सात वर्षांच्या मुलाला हे कळलं की तो देवगड राखून ठेवायला लागतो. मला यात भूगोलापेक्षा ते राखून ठेवणंच जास्त महत्त्वाचं वाटतं.

लहान मुलांना शेवटचं अक्षर जमत नाही. त्यांना फक्त ‘मासा सांग’, ‘झाड सांग’, ‘गाव सांग’ अशी पाळी द्या आणि एकाच डावात दोन्ही खेळ चालवा.

कोकण रेल्वेच्या गाडीत असाल तर बोगदे वाया घालवू नका. बोगदा सुरू झाला की एक विषय जाहीर करायचा आणि उजेड येईपर्यंत पाळीपाळीने नावं सांगायची. छोट्या बोगद्यात तीनचार नावं होतात. रत्नागिरीच्या अलीकडे, उक्षी आणि भोके यांच्या मधला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, तिथे मात्र विषय मोठा हवा. आम्ही ‘मासे’ घेतला होता. बांगडा, सुरमई, पापलेट, मांदेली, बोंबील, तारली, पेडवे, मोरी, रावस, सौंदाळे इथपर्यंत नातवंडं होती, पुढे समोरच्या बाकावरच्या अनोळखी काकांनी लेपी, शिंगाळा आणि वाघळी देऊन डाव वाचवला.

च-ची भाषा (सात वर्षांपासून)

नियम छोटा आहे. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि सुरुवातीला च लावायचा. पाणी – चणीपा. भात – चतभा. कोकम – चकमको. एकाक्षरी शब्दाला नुसता च: मी – चमी, दे – चदे. ‘पाणी दे’ म्हणजे ‘चणीपा चदे’. आधी दोन अक्षरी शब्द, मग तीन अक्षरी, मग वाक्य. आठवडाभरात मुलं तुमच्यापेक्षा वेगाने बोलतील आणि तुमच्यासमोर तुमच्याबद्दल बोलतील. समजत असूनही न समजल्यासारखं दाखवा.

जिभेची कसरत, म्हणजे ‘कच्चा पापड पक्का पापड’ वगैरे, सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून फक्त एक सूचना. जे मूल बोलताना अडखळतं किंवा ज्याचे एकदोन आवाज अजून नीट आलेले नाहीत, त्याला चारचौघांत हा खेळ देऊ नका. हरवून हसण्याचा खेळ आहे तो, आणि हसणं कुणावर येतं ते मुलांना बरोबर कळतं.

आजीचा शब्द, शाळेचा शब्द

मालवणी बोलणाऱ्या घरात हा खेळ जरूर खेळा. आजीने तिचा शब्द टाकायचा, मुलाने शाळेतला सांगायचा, मग उलट. माका – मला. तुका – तुला. खय – कुठे. हंय – इथे. झील – मुलगा, चेडू – मुलगी. आडाळो – विळी. तवसा – काकडी. मुंबईच्या नातीला माझ्या सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, ‘बाय, माका पाणी दी गो,’ तर ती स्वयंपाकघरात मका शोधत फिरली. तेव्हापासून हा खेळ सुरू झाला.

गुण देताना एक काळजी घ्या. शाळेचा शब्द बरोबर आणि आजीचा चुकीचा असा हिशेब होता कामा नये. म्हणून दोन्ही बाजूंनी विचारायचं. ‘कुठे’ला आजी काय म्हणते हे सांगता आलं, तरी तेवढाच गुण.

मूल खेळायला तयार नसेल तर

काही मुलं आठ-आठ दिवस नुसती ऐकतात आणि मग एकदम बोलायला लागतात. त्यांना पाळी देऊ नका, नुसतं जवळ बसू द्या. विषय बदलून बघा: माशांत रस नसलेला मुलगा गाड्यांच्या नावांवर तासभर खेळतो. खेळ दहा मिनिटांत आटपा, मुलं ‘अजून एक’ म्हणत असतानाच. आणि खेळायला वेगळा वेळ काढावा लागत नाही. आठळ्या सोलताना, एसटीची वाट बघताना, होडी सुटायची वाट बघत जेटीवर बसलेलं असताना, हे सगळे वेळ आपल्याकडे भरपूर आहेत.

दोन वर्षं पूर्ण होऊनही मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा मागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर मात्र खेळ वाढवत बसू नका. डॉक्टरांना दाखवा आणि कान तपासून घ्या. ‘याचा बापही उशिरा बोलला’ असं म्हणून घरातली मोठी माणसं वर्ष घालवतात. मी असं एक मूल बालवाडीत पाहिलं. चार वर्षांचं होईपर्यंत त्याला हट्टी समजत होते, ऐकू कमी येत होतं.

थांबवायचं कसं

मुलं खेळ सोडत नाहीत आणि जेवण थंड होतं. त्यावर जुना उपाय कापूसकोंडा. ‘कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?’ ‘सांग.’ ‘सांग काय म्हणतेस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?’ ‘नको!’ ‘नको काय म्हणतेस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?’ मूल जे बोलेल ते तसंच परत करायचं. नियम एवढाच की आवाज चढू द्यायचा नाही, प्रत्येक वेळी थोडा खाली आणायचा आणि सावकाश बोलायचं. पाचसहा फेऱ्यांत मूल वैतागून उठतं आणि जेवायला बसतं. अडीच वर्षांच्या धाकट्याने परवा मलाच विचारलं, ‘कापूछकोंदा छांगू?’ मी म्हटलं, ‘सांग.’ तो जरा थांबला, पुढचं वाक्य त्याला आठवेना. मग म्हणाला, ‘टुबुक,’ आणि पानावर जाऊन बसला.